‘येऊ का आत?’ : रक्तपिपासूच्या कॉमिक मालिकेचा पहिला अंक कसा तयार करावा

भयकथेची कॉमिक मालिका काढायला निघालेली बहुतेक मंडळी मुखपृष्ठापासून सुरुवात करतात. सुळे, लाल डोळे, मागे पौर्णिमेचा चंद्र आणि खाली मुंबईतल्या उंच इमारतींची रांग, असे चित्र पहिल्या आठवड्यातच तयार होते आणि पुढचे सहा महिने त्या चित्राला साजेशी गोष्ट शोधण्यात जातात. माझ्या चित्रकार मित्राने आणि मी पहिल्या खेपेस नेमके हेच केले. पुढे दिलेला क्रम आमच्या दुसऱ्या खेपेचा आहे. कथेची चोवीस पाने, भाषा मराठी, छपाई मुंबईत आणि काम करणारे दोघेही नोकरी सांभाळून वेळ काढणारे, एवढे यात गृहीत धरले आहे.

आधी नियम, मग चेहरा

व्हॅम्पायर आपल्या मातीतला नाही, हे प्रथम मान्य करावे. आपली भुते बहुधा जागेला बांधलेली असतात. मुंजा पिंपळावर राहतो, समंध आपल्या ठेव्याभोवती घुटमळतो, आणि माणूस त्यांच्या हद्दीत शिरला तर ती त्याला धरतात. व्हॅम्पायरचे याच्या अगदी उलट आहे. तो स्वतः माणसाच्या दाराशी येतो, पण घरातल्या कोणी बोलावल्याशिवाय त्याला उंबरा ओलांडता येत नाही. थोडक्यात, तो पाहुणा आहे, आणि दारात आलेल्याला ‘या, बसा’ म्हणण्याची सवय असलेल्या आपल्या घरांत पाहुण्याइतका धोकादायक प्राणी दुसरा नाही. त्याचे नाव ‘वेताळ’ ठेवण्याचा मोह होतो, परंतु १९६४ साली मुंबईतून सुरू झालेल्या इंद्रजाल कॉमिक्सने फँटमला ते नाव दिल्यामुळे विशिष्ट वयाच्या वाचकाला ते ऐकताच मुखवटा आणि कवटीची अंगठी आठवते. आम्ही यावर सोपा तोडगा काढला: पहिल्या अंकात एकही पात्र त्याचे नाव उच्चारत नाही.

नियम ठरवताना मूळ कुठले आणि नंतर चिकटलेले कुठले, हे पाहून घ्यावे. ‘ड्रॅक्युला’ या १८९७ सालच्या कादंबरीतला काउंट दिवसाढवळ्या लंडनमध्ये फिरतो. दिवसा त्याच्या शक्ती कमी होतात, एवढेच. सूर्यप्रकाशाने व्हॅम्पायर नष्ट होतो ही कल्पना १९२२ सालच्या ‘नोस्फेरातू’ या जर्मन मूकपटामुळे रूढ झाली. आरशात प्रतिबिंब नसणे, आमंत्रणाशिवाय आत न येणे, वाहते पाणी केवळ भरतीच्या किंवा पाणी स्थिर असण्याच्या वेळीच ओलांडता येणे आणि लसणाचे वावडे हे नियम मात्र त्या कादंबरीत आहेत. लेखकाचा मृत्यू १९१२ साली झाला असल्यामुळे ही सामग्री कोणालाही वापरता येते. तिच्यावर नंतर निघालेल्या चित्रपटांतील पोशाख, चेहरे आणि संवाद यांचे हक्क मात्र स्वतंत्र असतात, त्यामुळे तिकडून काही उचलू नये.

या यादीतून तीनच नियम निवडावेत आणि प्रत्येक नियम मुंबईच्या पाण्यात बुडवून पाहावा. लसणाचा नियम आम्ही लगेच काढून टाकला, कारण वडापावच्या सुक्या चटणीवर वाढलेल्या या शहरात तो बिचारा आठवडाभरात उपाशी मेला असता. वाहत्या पाण्याच्या नियमाने मात्र आम्हाला अपेक्षेबाहेर दिले. मुंबईच्या तिन्ही बाजूंना समुद्र आणि खाडी आहे, भरतीची वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, आणि तिथीची पाऊणपट केली की भरतीचा सुमार मिळतो, हा हिशेब किनाऱ्यावरच्या कुठल्याही जुन्या माणसाला तोंडपाठ असतो. अष्टमीला सहाच्या सुमारास भरती, म्हणजे त्या रात्री खाडी ओलांडायला त्याला पहाटे सहापर्यंत थांबावे लागणार आणि उजाडायला थोडाच अवधी उरणार. हे गणित पुढच्या अंकांसाठी राखून ठेवले. पहिल्या अंकासाठी त्याच नियमाचे घरगुती रूप पुरले: पहाटे नळाला पाणी येते, चाळीच्या गॅलरीतून बादल्या सांडतात आणि ओघळ जिन्यापर्यंत वाहत जातात, तेवढा वेळ तो वरच्या मजल्यावर अडकून पडतो.

एक गोष्ट संख्येने तपासावी: तो किती रक्त पितो? प्रौढ माणसाच्या अंगात साधारण पाच लिटर रक्त असते आणि रक्तदानात ३५० किंवा ४५० मिलिलिटर घेतले जाते. आपल्या राक्षसाने दर खेपेस एवढेच घेतले, तर माणूस मरत नाही. तो दुसऱ्या दिवशी डबा घेऊन कामावर जातो. चेहरा ओढलेला, डोळ्यांखाली काळे, गाडीत उभ्या उभ्या डुलकी. अशा माणसाकडे मुंबईच्या लोकलमध्ये कोण दोनदा पाहील? प्रेतांचा खच पाडण्यापेक्षा हे आम्हाला कितीतरी भयंकर वाटले आणि मालिकेचा पाया तिथे पडला.

पहिल्या अंकाने किती सांगावे

पहिल्या अंकाने एक माणूस, एक जागा आणि एक नियम दाखवावा; राक्षसाचा इतिहास, त्याचे शत्रू आणि त्याचे गाव यांपैकी काहीही सांगू नये. आमची नायिका वैजू ही पॅथॉलॉजी लॅबसाठी पहाटे घरोघर जाऊन रक्ताचे नमुने गोळा करते. तिला निवडण्याचे कारण उघड आहे: तीही रक्त घेते, तीही दारात उभी राहून ‘येऊ का आत?’ विचारते, आणि उपाशीपोटी करायच्या तपासण्यांमुळे तिची वेळही पहाटेचीच असते. कथा जानेवारीत ठेवली, कारण त्या महिन्यात मुंबईत सूर्य सव्वासातच्या आसपास उगवतो. जूनमध्ये तो सहालाच वर येतो. जानेवारीत मात्र तिच्या आणि त्याच्या कामाच्या वेळा तासभर एकमेकींवर येतात.

जागा लालबागची एक जुनी चाळ. तिथे पुनर्विकास येऊ घातला आहे, पण बिल्डरलाच रक्तपिपासू ठरवण्याचा मोह कृपया आवरावा. ते रूपक वाचक मुखपृष्ठावरच ओळखतो आणि आतली चोवीसही पाने तुमच्या पुढे धावत राहतो.

पानांची डमी

लिहिण्याआधी सहा कोरे कागद घ्यावेत, एकात एक घालून मधोमध दुमडावेत, मध्ये पिन मारावी आणि पानांवर १ ते २४ आकडे टाकावेत. या हातच्या डमीला पर्याय नाही. संगणकाच्या पडद्यावर पाने एकाखाली एक दिसतात, पण वाचकाच्या हातात ती समोरासमोर असतात. पान १ उजव्या हाताला येते, त्यानंतर प्रत्येक सम पान डाव्या हाताला, आणि वाचकाची नजर समोरच्या दोन्ही पानांवर एकदमच जाते. त्यामुळे दचकवणारे चित्र उजव्या पानावर ठेवले, तर डावे पान वाचण्याआधीच ते दिसून जाते. भीतीची प्रत्येक जागा सम पानावर, पान उलटल्यानंतरच यायला हवी, आणि तिच्या आधीच्या विषम पानाच्या शेवटच्या चौकटीत ती उत्सुकता पेरलेली असावी. पान उलटायला लागणारा अर्धा सेकंद हा चित्रपटाला नसलेला आणि केवळ आपल्याला मिळालेला काळ आहे.

हे मी इतक्या ठामपणे सांगतो, कारण पहिल्या खेपेस चूक माझीच झाली. सगळी चित्रे पूर्ण झाल्यावर श्रेयनामावलीला जागा हवी म्हणून मी आरंभी एक पान वाढवले आणि शेवटचे रिकामे पान काढून टाकले. एकूण पाने तेवढीच राहिली, म्हणून कोणालाच शंका आली नाही. छापील प्रती हातात आल्या तेव्हा सगळी धक्क्याची चित्रे एकेका पानाने सरकून उजवीकडे गेलेली होती. तीनशे प्रतींत एकही माणूस कुठेही दचकला नाही. श्रेयनामावली मुखपृष्ठाच्या आतल्या बाजूला घालावी.

डमीवर पेन्सिलीने प्रत्येक पानाचे काम एका ओळीत लिहावे. आमच्या डमीत धक्क्यासाठी ८, १६ आणि २४ ही तीन पाने राखली. त्यापेक्षा जास्त ठेवल्यास वाचक सावध होतो. चोविसावे पान सम असल्याने ते डावीकडे, शेवटचे पान उलटल्यावर येते, आणि मालिकेच्या पहिल्या अंकाला याहून सोयीची रचना मिळणार नाही.

संहिता

संहिता चित्रकाराला उद्देशून लिहिलेले पत्र आहे, असे समजून लिहावी. एका चौकटीत एकच कृती असावी. ‘ती दार उघडते, आत जाते आणि बसते’ हे तीन चौकटींचे काम आहे. एका पानावर चार ते सहा चौकटी, संवादाच्या एका फुग्यात जास्तीत जास्त वीस-बावीस शब्द, हे प्रमाण सांभाळावे. कामाची कल्पना यावी म्हणून आमच्या सातव्या पानाचा उत्तरार्ध येथे देतो.

चौकट तीन: खोलीचे दार उघडेच आहे. उंबऱ्याबाहेर वैजूच्या चपला, आत दिव्याचा पिवळा चौकोन. वैजू: ‘तात्या, येऊ का आत?’ चौकट चार: तात्या, वय सत्तरच्या पुढे, खाटेवर बसलेले, बाही आधीच वर केलेली. तात्या: ‘या की. विचारायचं काय त्यात.’ चौकट पाच: जवळून. वैजूचे हात तात्यांच्या दंडाला रबरी पट्टा बांधताना. शेजारी जांभळ्या टोपीची नळी. संवाद नाही. चौकट सहा: तात्यांचा चेहरा, थोडासा गोंधळलेला. तात्या: ‘पण रात्रीच तर येऊन गेले तुमचे लोक.’

येथे पान संपते. आठव्या पानावर एकच मोठी चौकट आहे: कोपराच्या आतली सुरकुतलेली त्वचा आणि तिच्यावर सुईची एक खूण नव्हे, दोन. फुगा नाही, निवेदनाची पट्टी नाही, ध्वनिशब्द नाही. माझ्या पहिल्या मसुद्यात वैजू तिथे ‘हे काय!’ असे ओरडत होती. मित्राने ते खोडून टाकले आणि तो बरोबर होता.

चोविसाव्या पानावर वैजूच्या स्वतःच्या घराच्या दारावर कोणी ‘येऊ का आत?’ विचारते, आणि स्वयंपाकघरातून तिची आई मान न वळवता ‘या ना’ म्हणते. विचारणारा दिसत नाही. संपूर्ण पहिल्या अंकात तो एकदाच, सोळाव्या पानावर, गॅलरीच्या टोकाला पाठमोरा दिसतो. चेहरा दुसऱ्या अंकासाठी ठेवला, तर दुसरा अंक घेण्याचे निदान एक कारण वाचकापाशी राहते.

चित्रे आणि काळा रंग

चित्रकाराने आधी प्रत्येक पानाचे काड्यापेटीएवढे कच्चे रेखाटन करावे आणि चोवीसही रेखाटने एका भिंतीवर चिकटवून पाहावीत. दुरुस्ती याच टप्प्यावर स्वस्त पडते. यानंतर जागा प्रत्यक्ष पाहायला जावे, तेही कथेतल्या वेळीच. आम्ही परवानगी घेऊन एका चाळीत पहाटे पाच वाजता गेलो आणि आमच्या डोक्यातली निर्मनुष्य, धुक्यातली चाळ पंधरा मिनिटांत मोडीत निघाली. पाण्याची वेळ असल्याने तो दिवसातला सर्वांत गजबजलेला तास होता. पिंप, कळशा, मोटारीची घरघर, ओल्या फरशीवर ट्यूबलाइटचे तुकडे. मग भीती एकांतात न ठेवता गर्दीत ठेवली, आणि सोळाव्या पानावर सगळ्यांच्या पायांखाली पाणी असताना एकाच्या पायांखालची फरशी कोरडी दाखवली.

मूळ चित्र छापील आकाराच्या दीडपट काढावे. लहान करताना रेषा घट्ट होते. स्कॅन शाईच्या रेषेसाठी ६०० डीपीआयला (दर इंचात ६०० ठिपके) आणि रंगीत कामासाठी निदान ३०० डीपीआयला करावा. आम्ही अंक कृष्णधवल ठेवला आणि लाल रंग केवळ मुखपृष्ठावरच्या नळीला दिला. आतल्या पानांत रक्तही काळेच आहे, आणि ते लाल रक्तापेक्षा अधिक ओले दिसते.

अक्षरलेखन

मराठी कॉमिकांचे सर्वाधिक नुकसान येथे होते, कारण हे काम शेवटच्या रात्री उरकले जाते. देवनागरीला शिरोरेषेच्या वर मात्रा-वेलांट्या आणि खाली उकार असतात, त्यामुळे रोमन लिपीच्या सवयीने काढलेल्या फुग्यात ती मावत नाही. ओळींमधले अंतर वाढवावे लागते आणि फुगाही मोठा करावा लागतो. म्हणूनच फुग्यांची जागा कच्च्या रेखाटनातच धरावी. फॉन्ट युनिकोडच वापरावा. मुंबईतल्या एक टाइपने घडवलेले मुक्त आणि बलू, किंवा हस्ताक्षराच्या वळणाचा कलम, हे विनामूल्य मिळतात. श आणि ल यांची मराठी वळणे येतात की हिंदी, हे आधी पाहावे. हिंदी वळणाचा श मराठी वाचकाला खड्यासारखा लागतो. फोटोशॉप किंवा इलस्ट्रेटरमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोझर, म्हणजे आपल्या लिप्या नीट जुळवणारी सोय, चालू नसेल, तर ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या मागे जाते आणि जोडाक्षरे फुटतात.

रोमन लिपीत मोठ्या अक्षरांनी जोर दाखवतात. आपल्याकडे ती सोय नाही आणि तिरकी केलेली देवनागरी पडलेल्या कुंपणासारखी दिसते. जोर ठळकपणाने आणि आकाराने दाखवावा, कुजबुज लहान अक्षरांत, तुटक रेषेच्या फुग्यात घालावी. ध्वनिशब्दांच्या बाबतीत मात्र आपण श्रीमंत आहोत. खुट्ट, करकर, सळसळ, टपटप, चुर्र, धप्प असे शब्द हाताशी असताना इंग्रजी आवाज देवनागरीत लिहिण्याचे कारण नाही. ध्वनिशब्द फॉन्टने न लिहिता चित्रकारानेच कुंचल्याने काढावेत. आमच्या जिन्यावरच्या ‘टप्’मधला अनुस्वारासारखा दिसणारा ठिपका खरोखर थेंब आहे.

कागदपत्रे

मैत्री असली तरी करार लेखी करावा. स्वतंत्रपणे काम करणाऱ्या चित्रकाराने काढलेल्या चित्रांचे हक्क, उलट करार नसल्यास, सर्वसाधारणपणे चित्रकाराकडेच राहतात. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातील कलम १९ नुसार हक्कांचे हस्तांतरण लेखीच असावे लागते, आणि त्यात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे, प्रदेश लिहिला नसेल तर तो भारत, असे धरले जाते. मालिका सात-आठ वर्षे चालावी अशी इच्छा असेल, तर हे दोन रकाने रिकामे ठेवू नयेत. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळखक्रमांक, भारतात राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेमार्फत विनामूल्य मिळतो; अर्ज छपाईच्या बराच आधी करावा.

मुखपृष्ठावर ‘प्रौढ वाचकांसाठी’ असे स्पष्ट छापावे. अमेरिकेतल्या प्रकाशकांनी १९५४ साली स्वतःवर घालून घेतलेल्या आचारसंहितेत व्हॅम्पायरांवर नाव घेऊन बंदी होती आणि ती १९७१ साली सैल झाली. आपल्याकडेही १९५६ साली वीस वर्षांखालील वाचकांना अपायकारक ठरणाऱ्या प्रकाशनांविषयी कायदा झाला, आणि त्याच्या व्याख्येत हिंसा, क्रौर्य किंवा किळसवाण्या, भीषण घटना रंगवणाऱ्या चित्रकथा येतात. त्यात कसोटी संपूर्ण प्रकाशनाच्या परिणामाची आहे, तरीही विक्रेत्याला अंक कुठल्या फळीवर ठेवायचा हे तुम्हीच सांगितलेले बरे.

छपाई

छापखान्यात जाण्याआधी आकार ठरवावा. दिवाळी अंकांमुळे परिचित असलेला क्राउन एकचतुर्थांश, म्हणजे सुमारे ७.२५ × ९.५ इंच, मुंबईतल्या कुठल्याही छापखान्याला समजावून सांगावा लागत नाही. मधली पिन असेल तर पाने चारच्या पटीत हवीत. चारही बाजूंना ३ मिलिमीटर ब्लीड, म्हणजे कापताना निघून जाणारा चित्राचा जादा भाग, सोडावे आणि फुगे कटिंगच्या रेषेपासून निदान एक सेंटिमीटर आत ठेवावेत. दोन-तीनशे प्रती असतील तर डिजिटल परवडते. हजाराच्या आसपास ऑफसेटचा दर खाली येतो. किमान तीन ठिकाणी दर विचारावेत आणि प्रत्येक ठिकाणी कागद एकच सांगावा, नाही तर तुलनेला अर्थ राहत नाही.

अंधार हा आपला मुख्य माल असल्यामुळे काळ्या रंगावर छापखान्याशी स्वतंत्र बोलणे करावे. चाररंगी मुखपृष्ठावर नुसती काळी शाई मोठ्या भागावर करडी दिसते. तिच्यात इतर तीन रंगांचा आधार घालावा लागतो, उदाहरणार्थ निळा ६०, किरमिजी ४०, पिवळा ४० आणि काळा १०० टक्के. अक्षरे मात्र नुसत्या काळ्यातच ठेवावीत, नाही तर रंग जरा सरकले की त्यांना रंगीत कडा येते. आतल्या पानांचा कागद ७० जीएसएमचा (दर चौरस मीटरला ७० ग्रॅम वजनाचा) घेतल्यास भरलेला काळा मागच्या पानावर उमटून दिसतो, आणि आठव्या पानावरचे चित्र सातव्या पानाच्या पाठीतून आधीच डोकावू लागते. आम्ही १०० जीएसएमचा मॅपलिथो हा बिनचकाकीचा कागद घेतला.

वेळेचाही विचार करावा. पावसाळ्यातल्या दमट हवेत शाई उशिरा वाळते आणि समोरच्या पानावर डाग पाडते. ऑगस्टपासून दिवाळीपर्यंत छापखाने दिवाळी अंकांनी भरलेले असतात. काम हिवाळ्यात द्यावे. शक्य असल्यास डिसेंबरच्या अखेरीस प्रती हाती येतील असे पाहावे, कारण त्याच सुमारास जानेवारीतली कथा वाचकाच्या खिडकीबाहेरही काळोखातच सुरू होते.

विक्रीविषयी थोडक्यात: पहिल्या शंभर प्रती ओळखीत आणि मुंबई कॉमिक कॉनसारख्या ठिकाणी टेबल मांडून जातात, दादर-गिरगावातले मराठी पुस्तकविक्रेते काही प्रती विक्रीनंतर पैसे देण्याच्या बोलीवर ठेवून घेतात, तिथे प्रतींची नोंद वहीत सही घेऊन करावी. दुसऱ्या अंकाची संहिता तयार असल्याशिवाय पहिला अंक विकायला काढू नये.

आणि संपूर्ण छपाईला होकार देण्याआधी पिन मारून कापलेली एक प्रत मागून घ्यावी. पडद्यावरचे प्रूफ पाहून समाधान मानू नये. ती प्रत छापखान्यातल्याच एखाद्या माणसाच्या हातात द्यावी, ज्याने कथा वाचलेली नाही, आणि काही न बोलता शेजारी उभे राहावे. आमची प्रत कटिंग मशीनवरच्या काकांनी हात पुसून उघडली, सावकाश सातव्या पानापर्यंत आले, तात्यांचे वाक्य पुटपुटत वाचले आणि पान उलटले. मग त्यांनी काही न बोलता स्वतःची बाही वर सारून कोपर पाहिले. आम्ही तिथेच प्रूफवर सही केली.